नाशिककडील काष्ठदेवता व त्यांची हरवलेली पुष्पिका

(१)

जुन्या वस्तूंच्या खासगी संग्रहांत अलीकडे लांकडी देवतांचा भरणा वाढूं लागला आहे. पेठ, सुरगाणा, त्र्यंबक हे नाशिक जिल्ह्याचे पश्चिमेकडील तालुके, आणि त्यांस लागून असलेले जव्हार, मोखाडा व डांग हे मुलूख, यांतून आलेल्या कोरीव फळ्या, खांब व मुखवटे हौशी मंडळींच्या दिवाणखान्यांत व प्रदर्शनांत पाहावयास मिळतात. त्यांखालीं बहुधा एका ओळीची चिठी असते : ‘आदिवासी देवता, सागवानी, जुनी.’ या चिठींतील पहिल्या पदानें देव कोणाचा व कोणता याचा कांहींच बोध होत नाहीं; दुसरें पद सुताराच्या उपयोगाचें आहे; आणि तिसरें पुष्कळ वेळां खरें नसतें. एखाद्या पोथीखालीं ‘संस्कृत, कागदी, जुनी’ एवढेंच लिहून कोणी ती आपल्या मंडळाच्या दप्तरांत दाखल केली, तर आपण तें चालवून घेऊं काय ?

अशा वस्तूंसंबंधीं जें थोडेंबहुत लिहिलें जातें, त्यांत तीन मतें पुनःपुन्हां आढळतात. काष्ठप्रतिमा ही पाषाणप्रतिमेची अनगड पूर्वावस्था होय, हें पहिलें. वाघदेवाची फळी म्हणजे भयापोटीं केलेली पशुपूजा, हें दुसरें. घोडेस्वाराचा खांब म्हणजे मृताचें स्मारक, हें तिसरें. या तिहींची परीक्षा करावी, व तिहींच्या मुळाशीं असलेला एकच दोष दाखवावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. तो दोष असा कीं, प्रतिमेचा अर्थ तिच्या आकारांत शोधला जातो. वस्तुतः तो तिच्या विधींत असतो.

या कामीं एका दूरदेशीच्या उदाहरणाचें साहाय्य घ्यावयाचें आहे. आफ्रिका खंडाच्या पश्चिमेस, आजच्या नायजेरियाच्या नैर्ऋत्य भागांत व शेजारच्या बेनिन देशांत योरुबा नांवाचा मोठा लोकसमुदाय राहतो. त्यांच्या देवघरांतील काष्ठमूर्ति शेंकडों, हजारोंनीं युरोप-अमेरिकेंतील संग्रहालयांत गेल्या, आणि तेथील पंडितांनीं शंभराहून अधिक वर्षें त्यांचा विचार केला. आपण आज ज्या चुका करूं लागलों आहों, त्या तेथें आधीं होऊन गेल्या व पुढें त्यांपैकीं कांहीं दुरुस्तही झाल्या. योरुबांचा व आपल्या डोंगरी लोकांचा कांहीं ऐतिहासिक संबंध आहे असें सुचविण्याचा येथें मुळींच उद्देश नाहीं. तुलना आहे ती वाचनाच्या रीतींची.

(२)

प्रथम पहिलें मत पाहूं. काष्ठ हें हीन व आरंभींचें, पाषाण हें श्रेष्ठ व नंतरचें, ही समजूत आमच्या शास्त्रास मान्य नाहीं. भागवताच्या एकादश स्कंधांत प्रतिमांचे आठ प्रकार सांगितले आहेत. त्यांत शिळेच्या प्रतिमेनंतर लागलीच काष्ठाची येते, आणि केवळ मनानें कल्पिलेली प्रतिमाही त्याच यादींत बसते. वराहमिहिराच्या बृहत्संहितेंत, म्हणजे इसवी सनाच्या सहाव्या शतकांत, प्रतिमेसाठीं लांकूड आणण्याकरितां वनांत कसें शिरावें यावर एक स्वतंत्र अध्यायच आहे. स्मशानांतील, वाटेवरील, वारुळावरील, देवालयाच्या आवारांतील, पक्ष्यांनीं घरटीं केलेला, विजेनें वा वाऱ्यानें मोडलेला वृक्ष घेऊं नये. ब्राह्मणास देवदार, चंदन, शमी वगैरे व इतर वर्णांस अन्य वृक्ष प्रशस्त. रात्रीं वृक्षाची पूजा करून त्यावर वसणाऱ्या भूतांस अन्यत्र जाण्याची विनंति करावी, आणि मग प्रभातीं कुऱ्हाड लावावी, असा तो क्रम आहे. त्यांतील एक सूचना फार मार्मिक आहे. तोडण्यापूर्वीं खोडावर दिशांच्या व वर-खालच्या खुणा करून ठेवाव्यात, कारण वृक्ष ज्या दिशेस तोंड करून उभा होता त्याच दिशेस प्रतिमा उभी केली पाहिजे.

आतां या अध्यायांत नाकडोळ्यांचें वर्णन नाहीं हें ध्यानांत घ्यावें. मापें व लक्षणें दुसऱ्या अध्यायांत आहेत. म्हणजे छिन्नी लागण्यापूर्वींच प्रतिमेचा निम्मा अर्थ वनांत ठरून गेलेला असतो. जो संग्राहक फळीचें तोंड पाहतो पण ती कोणत्या झाडाची व कोणत्या दिशेस उभी होती हें विचारीत नाहीं, त्यानें वराहमिहिराच्या हिशेबानेंही अर्धीच वस्तु घेतली आहे.

जगन्नाथपुरीचें उदाहरण सर्वांच्या परिचयाचें आहे. तेथील मूर्ति निंबाच्या काष्ठाच्या असून, अधिक आषाढ आला म्हणजे, बहुधा ८ ते १९ वर्षांनीं, त्यांचें नवकलेवर होतें. १९९६ नंतरचें नवकलेवर २०१५ सालीं झालें. जुन्या मूर्तींतील ब्रह्मपदार्थ नव्या मूर्तींत ठेवतात, आणि जुनें काष्ठ देवळाच्या आवारांतच भूमिगत करतात. भरतखंडांतील एक अत्यंत संपन्न देवस्थान शतकानुशतकें काष्ठ सोडून पाषाणाकडे वळलें नाहीं; तेव्हां काष्ठ ही दारिद्र्याची किंवा अज्ञानाची खूण मानतां येत नाहीं. तें नवें होऊं शकतें, हाच त्याचा गुण तेथें प्रधान मानला आहे.

दगडानें लांकडाची जागा घेतली हें इतिहासांत ठिकठिकाणीं घडलें, हें खरें. नाशिकजवळच्या पांडवलेण्यांतील अठराव्या क्रमांकाच्या चैत्यगृहाचें दर्शनी अंग पाहावें. लांकडी इमारतीचे वासे व कमानी तेथें दगडांत उतरल्या आहेत. कार्ल्याच्या चैत्यांत तर छताच्या मूळच्या लांकडी कमानी अद्यापि जागेवर आहेत. परंतु इमारतीविषयीं जें खरें तें देवतेविषयींही खरें असलेंच पाहिजे, असा नियम नाहीं. एकाच गांवीं शेंदूर माखलेला तांदळा, धातूचा टाक व कोरीव फळी एकाच वेळीं पूजेंत असतात. त्यांची कालानुक्रमें उतरंड लावणें म्हणजे घरांतील पाटा, तांब्या व पोळपाट यांवरून घराण्याचीं तीन युगें ठरविण्यासारखें आहे.

(३)

दुसरें मत वाघदेवाविषयींचें. शिवेवर किंवा रानाच्या तोंडाशीं उभी केलेली ही फळी वा खांब. वर सूर्य व चंद्र, मध्यें वाघ, कोठें नाग, आणि सर्वांवर शेंदूर किंवा अलीकडे तेलरंग, असें तिचें सामान्य रूप. वारली, कोंकणा, महादेव कोळी या तिन्ही समाजांत तिची पूजा आहे. वाघ गुरें मारतो, माणसें मारतो, म्हणून त्यास भिऊन त्याची पूजा, असा अर्थ सोपा दिसतो खरा. परंतु पट्टेरी वाघ आतां नाशिकच्या डोंगरांत वस्तीस नाहीं. बिबट्या आहे, हें मान्य. पण बिबट्याचा उपद्रव आज निफाड-सिन्नरच्या उंसांतही आहे, आणि तेथें कोणी त्यासाठीं नव्या फळ्या उभारीत नाहीं. भय हेंच कारण असतें तर भय जेथें नवें आहे तेथें पूजाही नवी दिसली असती.

खरा उलगडा तिथींत आहे. वाघदेवाचा सण वाघबारस. तो आश्विन वद्य द्वादशीस येतो. गुराखी घरोघर धान्य मागतात, वाघदेवापाशीं नारळ फोडतात, कोंबडें देतात, आणि रानांत जाणाऱ्या गुरांस व गुराख्यांस वर्षभर अपाय होऊं नये असें मागणें मागतात. आतां याच तिथीस देशावर काय असतें ? वसुबारस. ज्या दिवशीं गोदाकांठची गृहिणी सवत्स धेनूस ओवाळते, त्याच दिवशीं सह्याद्रीच्या माथ्यावरील गुराखी वाघास नैवेद्य देतो. विषय दोहोंकडे एकच, गोधन. एकीकडे गोठ्याच्या आंतून त्याचा विचार होतो, दुसरीकडे शिवेवरून. म्हणून ती फळी वाघाचें चित्र नसून शिवेवर झालेल्या कराराची साक्ष आहे; इकडे आमचीं गुरें, तिकडे तुझें रान. सूर्य-चंद्र तेथें कशासाठीं, हेंही मग उमगतें. आमच्या शिलालेखांवर व गद्धेगाळांवर सूर्य-चंद्र ज्या कारणास्तव कोरीत, तेंच कारण येथें संभवतें : जोंवर हे दोघे आहेत तोंवर हा शब्द टिकावा.

येथें आमच्या संस्कृतज्ञ बंधूंसही एक शब्द सांगणें अवश्य आहे. वाघ दिसला कीं तो दुर्गेचें वाहन, नाग दिसला कीं तो शेष किंवा वासुकि, अशी ओळख पटवून मोकळें होण्याची आपल्यांत खोड आहे. ती पशुपूजेच्या मताइतकीच सदोष आहे. एकानें फळीवरील वाघ रानांत नेऊन सोडला, दुसऱ्यानें पुराणांत. ज्या शिवेवर तो उभा आहे ती शीव दोघांनींही पाहिली नाहीं.

(४)

तिसरें मत स्मारकाचें. घोड्यावर बसलेला, हातीं तरवार वा भाला घेतलेला पुरुष, वर सूर्य-चंद्र, अशी आकृति सागवानी खांबांवर कोरलेली आढळते. दक्षिण गुजराथेंतील चौधरी, गामित व वसावा या जमातींच्या अशा लांकडी आकृतींवर व दगडी खांबांवर एबरहार्ड फिशर व हकु शाह यांनीं १९७३ सालीं अहमदाबादेस एक मोलाचा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याच्या नांवांतच ‘मृतांचीं स्मारकें’ असा शब्द आहे. ग्रंथाविषयीं आदर बाळगूनही या शब्दाबद्दल शंका घ्यावीशी वाटते. स्मारक हें जिवंतांसाठीं असतें. गेलेल्याची आठवण राहावी म्हणून तें उभारतात. हे खांब गेलेल्यासाठींच असतात.

मेळघाटांतील कोरकूंचा ‘मुंडा’ पाहावा. सागाच्या फळीवर सूर्य, चंद्र व घोडेस्वार कोरून ती मृतांसाठीं उभी करतात, आणि सिडोली नांवाचा विधि करतात. तो होईपर्यंत मृत हा पितरांत मिळालेला नसतो. विधीनंतर तो त्यांच्या पंक्तीस बसतो. आपल्याकडील सपिंडीकरणाचें प्रयोजन याहून निराळें काय आहे ? प्रेताचा पितर होतो. तो होण्याची पायरी म्हणजे तो पिंड. कोरकूंच्या येथें ती पायरी सागवानी आहे, एवढाच भेद. पिंडास कोणी स्मारक म्हणत नाहीं.

खुद्द नाशिक शहरांत धुळवडीच्या दिवशीं जें चालतें तेंही या संदर्भांत पाहण्याजोगें आहे. त्या दिवशीं अनेक घराण्यांतील लोक देव्हाऱ्यांतील वीरांचे टाक हातीं घेऊन वाजतगाजत रामकुंडाकडे नेतात व गोदावरींत स्नान घालून परत आणतात. बाशिंगे वीर किंवा दाजीबा वीर याची मिरवणूक याच दिवशींची. अंगास हळद लागलेली असतांच मृत्यु आलेल्या नवरदेवाची ती कथा, असें सांगतात. टाक धातूचा असला तरी न्याय तोच. ज्याचें आयुष्य अर्ध्यावर तुटलें, ज्यास संतति नाहीं आणि म्हणून तर्पण नाहीं, त्यास घरांत एक जागा द्यावयाची, वर्षास स्नान घालावयाचें, खाऊं घालावयाचें. आठवण ठेवणें आणि पोसणें यांत जो भेद आहे तोच स्मारक व वीर यांत आहे.

पिढ्यान्‌पिढ्यांच्या स्नानानें या टाकांचीं तोंडें झिजून गुळगुळीत होतात. संग्राहक अशा टाकास ‘खराब’ म्हणतो व कमी किंमत देतो. वस्तुतः ती झीज हाच त्यावरचा लेख आहे. ज्या पोथीचे कोपरे अंगठ्यानें काळे पडले आहेत ती वाचली गेलेली पोथी, हें आपण सर्व जाणतों.

(५)

आतां योरुबांकडे वळूं. त्यांच्यांत जुळ्यांचें प्रमाण जगांत अत्यंत मोठें आहे. वैद्यकांच्या पाहण्यांत हजार प्रसूतींमागें चाळीसांहून अधिक जुळीं आढळलीं आहेत. जुळ्यांपैकीं एक मूल दगावलें तर पूर्वीं घरचे लोक ‘बाबालावो’ नांवाच्या दैवज्ञास विचारीत, आणि त्याच्या सांगण्यावरून सुताराकडून वीतभर उंचीची लांकडी मूर्ति कोरून घेत. तिला ‘एरे इबेजी’, म्हणजे जुळ्याची कोरलेली आकृति, असें नांव आहे. आई त्या मूर्तीस न्हाऊं घाली, तांबड्या लांकडाची पूड तेलांत कालवून अंगास माखी, मणी बांधी, खाऊं घाली. आईमागें हें काम घरांतील दुसरी स्त्री चालवी. समजूत अशी कीं जुळ्यांचें सामर्थ्य एकत्र असतें. गेलेल्याची उपेक्षा झाली तर राहिलेल्यासही तो घेऊन जाईल, आणि सांभाळ झाला तर घरास भरभराट देईल.

या मूर्तीचें मूल तान्हें असून शरीर प्रौढाचें असतें, आणि डोकें देहाच्या मानानें फार मोठें असतें. पहिल्या युरोपीय निरीक्षकांना यांत प्रमाणाचें अज्ञान दिसलें. पुढें भाषा व धर्म शिकून जे गेले त्यांना कळलें कीं ‘ओरी’ म्हणजे डोकें हेंच त्यांच्या मतें मनुष्याच्या दैवाचें स्थान होय. म्हणून तें मोठें. नित्य न्हाण्यामाखण्यानें या मूर्तींचे डोळे-नाक पुसट होतात. आमच्या वीरांचे टाक व त्यांची इबेजी यांच्या झिजलेल्या चेहऱ्यांत जें साम्य दिसतें तें हातांचें साम्य आहे, आकाराचें नव्हे.

दुसरें उदाहरण अधिक बोधप्रद आहे. शांगो हें त्यांचें मेघगर्जनेचें व विजेचें दैवत. त्याच्या देवघरांत गुडघे टेकलेल्या, हातीं पात्र धरलेल्या किंवा मूल घेतलेल्या स्त्रीच्या सुंदर काष्ठमूर्ति असतात, व डोक्यावर दुधारी परशु असलेले दंड असतात. प्रेक्षकास वाटतें, हीच देवी. परंतु ती भक्तीण आहे. देव तिच्यांत नाहीं. देवाचें अधिष्ठान शेजारीं उपड्या उखळावर ठेवलेल्या पात्रांतील गुळगुळीत दगडांत आहे. हे दगड म्हणजे जमिनींत सांपडणाऱ्या अश्मयुगीन कुऱ्हाडी. विजेबरोबर ते आकाशांतून पडले असें मानतात. संग्रहालयांनीं कोरीव स्त्रिया नेल्या. अनगड दगडांकडे फारसें कोणी पाहिलें नाहीं. देव मागें राहिला आणि भक्तीण परदेशीं गेली.

आमच्या इकडे हाच प्रकार घडतो. तांदळा मागें राहतो, कारण तो विकत नाहीं. त्यापुढें नवसानें वाहिलेला लांकडी घोडा मात्र ‘अश्वदेवता’ होऊन शहरांत येतो. कोरलेला आकार हा देवच असेल, असें गृहीत धरूं नये. तो देव असेल, भक्त असेल, नवस असेल, वा आसन असेल. कोणता, हें आकार सांगत नाहीं. ज्यानें तो वाहिला तो सांगतो.

मुखवट्यांविषयीं थोडक्यांत सांगतों. फाल्गुनापासून पुढें या मुलुखांत बोहाडा किंवा भवाडा होतो. संबळाच्या ठेक्यावर रात्रभर गणपति, सारजा, नरसिंह, रावण, वेताळ अशीं सोंगें येतात, व शेवटीं जगदंबा व म्हैसासुर यांचें युद्ध होतें. सोंग अंगीं आलें असतां लोक त्याच्या पायां पडतात. तोच मुखवटा भिंतीवर टांगला म्हणजे लांकूड असतो. देवत्व येथें वस्तूंत कायम वसत नसून काळाशीं बांधलेलें आहे, आणि तो काळ चिठीवर लिहिल्याखेरीज मुखवट्याचा अर्थ लागणें शक्य नाहीं.

(६)

यांत धोका काय आहे, असें कोणी विचारील. धोका दुहेरी आहे. पहिला कायद्याच्या अंगाचा. १९७२ च्या पुरावस्तु व कलानिधि कायद्याप्रमाणें वस्तु पुरावस्तु ठरण्यास ती निदान १०० वर्षांची असावी लागते. शास्त्रीय, ऐतिहासिक वा वाङ्मयीन मोलाच्या हस्तलिखितास ७५ वर्षें पुरतात. पण जी काष्ठप्रतिमा जीर्ण होतांच बदलावयाची, पावसांत व वाळवींत उभी राहावयाची, ती शंभरी गांठणार कशी ? जिची परंपरा शेंकडों वर्षांची तिचें काष्ठ चाळीस वर्षांचें, म्हणून तिला कायद्याचें छत्र नाहीं. आणि विक्रेता मात्र तीच फळी ‘जुनी’ म्हणून विकतो. जुना आहे तो विधि, लांकूड नव्हे.

दुसरा धोका आपल्याच हातचा आहे. कांहीं संग्राहक मूळ लांकूड दिसावें म्हणून शेंदूर व तेलरंग खरवडून काढतात. ताडपत्रावरील शाई पुसून ताडपत्र स्वच्छ केलें, असें म्हणण्याचा हा प्रकार आहे. शेंदुराचे थर हे त्या फळीच्या पूजांचे थर होत. जें पुसलें तें परत येत नाहीं. आणि जे वृद्ध गुराखी, भगत व सुतार त्याचा अर्थ सांगूं शकतात ते दरवर्षीं थोडे होत आहेत.

योरुबांच्या बाबतींत काय झालें तें पाहावें. इकेरे येथील राजवाड्याचा कोरीव दरवाजा १९२४ च्या वेम्ब्ली येथील प्रदर्शनांत मांडला गेला व नंतर ब्रिटिश म्यूझियमकडे गेला. तो कोरणारा ओलोवे हा इसे गांवचा कारागीर १९३८ पर्यंत हयात होता. तथापि त्याचें नांव त्याच्या कृतींशीं नीट जोडलें जाण्यास पुढें कित्येक वर्षें लागलीं, आणि तें काम त्याच्यामागें त्याच्या देशबांधवांना विचारून करावें लागलें. दरवाजा मोठा असल्यामुळें एवढी विचारपूस तरी झाली. वीतभर उंचीच्या हजारों इबेजी कोणत्या आईच्या, कोणत्या मुलाच्या, हें आतां कोणीही सांगूं शकणार नाहीं.

आपणां हस्तलिखित-संग्राहकांस या रोगावरचें औषध ठाऊक आहे. पोथी हातीं आली कीं आपण आधीं शेवटचें पान उलटतों. शक, संवत्सर, मास, तिथि, लेखकाचें नांव, गांव, आणि कोणासाठीं लिहिली, हें पुष्पिकेंत सांपडलें म्हणजे पोथी बोलूं लागते. काष्ठप्रतिमेस पुष्पिका नसते, असें नाहीं. ती लोकांच्या मुखांत असते व मूर्ति जागेवर आहे तोंवरच वाचतां येते. म्हणून ज्यास अशा वस्तूंचा अभ्यास करावयाचा आहे त्यानें वस्तु जागेवरच राहूं देऊन पुढील गोष्टी लिहून घ्याव्या : गांव व नेमकें स्थळ, तोंड कोणत्या दिशेस, झाड कोणतें व कोठून आणलें, कोणीं कोरलें, कोणीं, कोणासाठीं व कोणत्या तिथीस बसविलें, पूर्वीची प्रतिमा कोठें गेली, नैवेद्य काय, पूजेचा मान कोणत्या घराकडे, आणि लोक तीस काय नांवानें हांक मारतात. जी आधींच संग्रहांत आली असेल तिच्याबाबत एक कलम अधिक घालावें : ती कोणाच्या संमतीनें हालविली. या कलमाचें उत्तर लिहितां येत नसेल, तर तेंही तसेंच चिठीवर नमूद असावें.

येती वाघबारस हा या कामास आरंभ करण्यास योग्य दिवस आहे. त्या दिवशीं फळीपाशीं माणसें असतात, व विचारलें तर सांगतात. एरवीं तेथें नुसतें लांकूड असतें.